एका ‘ठ’ची गोष्ट

आपल्या हॉस्टेलमध्ये दोन पंथ सुखाने नांदतात. पहिला, ज्याला व्हिम नावाच्या एडिटरमधून बाहेर पडता येतं. दुसरा, जो बाहेर पडण्यासाठी लॅपटॉपचं पॉवर बटण दाबून धरतो आणि मग व्हिम लिहिणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. मी पहिल्या पंथातला. सेकंड इयरला लॅबमध्ये एका सिनिअरने माझ्या पीसीचा माऊस काढून खिशात घातला आणि म्हणाला, “आता कर प्रोग्रॅम.” तेव्हा बोटांना जी सवय लागली ती लागलीच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बिल जॉय यांनी १९७६ मध्ये व्हीआय नावाचा एडिटर लिहिला. नेदरलँड्सच्या ब्राम मूलेनार यांनी त्याच धर्तीवर व्हिम तयार केला आणि १९९१ मध्ये तो लोकांना दिला. ३ ऑगस्ट २०२३ रोजी ते गेले, तोपर्यंत बत्तीस वर्षं ते त्याच एका प्रोग्रॅमची देखभाल करत होते. पैसे मागितले नाहीत. फक्त एवढंच सांगितलं की द्यायचेच असतील तर युगांडातल्या गरीब मुलांसाठी द्या. व्हिम नुसता उघडला की तशी ओळ वर्षानुवर्षं दिसत आली. मेसचं बिल थकलेलं असताना ती ओळ वाचली की मनाला फार लागतं, हा माझा अनुभव!

व्हिमची खरी चैन म्हणजे प्लगइन. मूळ एडिटरला जोडायचे छोटे छोटे प्रोग्रॅम. कुणी कंस आपोआप बंद करतं, कुणी रंग भरतं, कुणी ओळी सरळ लावतं. जगाच्या कुठल्या तरी कोपऱ्यात बसलेल्या माणसाने स्वतःच्या गरजेपुरतं ते लिहिलेलं असतं आणि आपण फुकटात उचलतो. फुकट ते पौष्टिक, हा तर आपला हॉस्टेलचा कायदाच. माझ्याकडे असे सोळा प्लगइन होते.

आता ज्या कामासाठी हे सगळं चाललं होतं ते सांगतो, कारण त्याशिवाय पुढची गोष्ट म्हणजे नुसती टेक्निकल बडबड वाटेल.

मी मानोरा तालुक्यातला. घर तांड्यावर. आमच्या बोलीत आईला याडी म्हणतात. माझी याडी गावच्या ग्रामसंघाची सचिव आहे. ग्रामसंघात पाच बचत गट आहेत, तीन गावातले, दोन तांड्यावरचे. मिळून एकसष्ट बाया. दर महिन्याला प्रत्येकीचा हप्ता येतो, शिवाय प्रत्येक गट आपल्या नावाने बँकेत थोडी मुदत ठेव टाकतो. याडी सातवी शिकली, पण हिशोबात आपल्या टॉपरला ऐकणार नाही. तरी पाच वह्या एकत्र करायच्या म्हणजे तिची अख्खी रात्र जायची. म्हणून मी एक छोटा प्रोग्रॅम केला. ऑक या जुन्या भाषेत, जेमतेम बारा ओळींचा. त्याला दोन फाइली लागतात. एकीत सगळ्या सभासदांची कायमची यादी, दुसरीत त्या महिन्यात आलेली जमा. गट नंबर आणि नाव जुळलं की पुढे ‘जमा’, नाही जुळलं की ‘बाकी’. मुदत ठेवीची ओळसुद्धा प्रत्येक गटाखाली तशीच. मग तो कागद छापून समाजमंदिराच्या भिंतीवर लागतो आणि बैठकीत मोठ्याने वाचला जातो.

पहिले काही महिने याडी फोनवर नावं सांगायची, मी टाइप करायचो. मग तालुक्याच्या गावी वर्डमध्ये टाइप करून आलेली यादी मिळायला लागली. काम वाचलं, पण एक नवीन भानगड आली. वर्डमधून मजकूर उचलला की कधी कधी दोन शब्दांमध्ये एक वेगळीच मोकळी जागा येते. दिसायला साधी स्पेस, पण कॉम्प्युटरच्या लेखी निराळी. ‘इथे ओळ तोडू नका’ असं सांगणारी, नॉन-ब्रेकिंग स्पेस. डोळ्याला फरक दिसत नाही, ऑकला दिसतो. नाव जुळत नाही. त्यावर उपाय म्हणून मी एक प्लगइन घेतलं. फाइल सेव्ह केली की त्याच क्षणी ते डिस्कवरची फाइल चाळून असल्या नकली स्पेस काढून साध्या स्पेस टाकतं. प्लगइनचं नाव मुद्दाम देत नाही. ज्याने लिहिलं त्याने चांगल्या मनानेच लिहिलं होतं.

त्या महिन्याची यादी आली, व्हिममध्ये पाहिली, सगळी नावं जागच्या जागी. सेव्ह केलं, बाहेर पडलो, ऑक चालवला. कागद तयार. बैठक परवावर आलेली. पीडीएफ पाठवायच्या आधी मी याडीला फोनवर वाचून दाखवतो, तो आमचा रिवाजच आहे. चोवीस ओळींपुढे ‘बाकी’ होतं. एरवी दोन किंवा तीन असतात.

मी वाचत गेलो. राठोड, बाकी. राठोड, बाकी. परत राठोड, बाकी. सतरा राठोड निघाल्या. त्यात एक याडी स्वतः.

ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग गोरबोलीत जे बोलली ते मराठीत असं: “माझा हप्ता मी माझ्या हाताने टाकला. बाकीच्यांचा माझ्यासमोर आला. हा कागद भिंतीवर लावू नको. एकदा लागला की मशीन चुकलं म्हणून कोणी ऐकणार नाही. तांड्याच्या बाया पैसे बुडवतात, एवढंच लोकांच्या ध्यानात राहील.”

ज्यांचं गाव आणि तांडा शेजारी शेजारी आहे त्यांना हे वाक्य समजावून सांगावं लागणार नाही. बाकीच्यांनी एवढंच लक्षात घ्यावं की गावच्या आणि तांड्याच्या बायांना एका सतरंजीवर बसवायला याडीला तीन वर्षं लागली होती. आणि माझ्या बारा ओळींच्या प्रोग्रॅमने एका एंटरमध्ये सतरंजी ओढली होती. प्रोग्रॅम जुनाच होता, मागचे सगळे महिने बरोबर चालला होता. मग आत्ताच काय झालं?

माझा रूमपार्टनर रिसोडचा. हॉस्टेलमध्ये त्याचं नावही रिसोडच. (मला मानोरा म्हणतात. आमच्या विंगमध्ये जिल्ह्याचा अख्खा नकाशा राहतो.) रात्री अकराला तो वर डोकावून म्हणाला, “काऊन बे मानोरा, झोपत काऊन नाही?” सांगितलं. त्याने यादी पाहिली आणि पहिला शोध लावला, “साऱ्या राठोडच आहेत ना बे. सतराजणींचं आडनाव एकच, म्हणून तुया प्रोग्रॅमचा घोळ झाला.” पण प्रोग्रॅम नुसतं आडनाव पाहत नाही, पूर्ण नाव पाहतो. शिवाय चव्हाण आणि जाधवही डझनभर आहेत, त्यांचं काही बिघडलं नव्हतं.

दुसरा उपाय त्याने तयारच ठेवला होता, “मंग नावं इंग्रजीत टाक. सारा घोळच मिटते.”

खोटं कशाला बोलू, तो उपाय चालला असता. पंधरा मिनिटांचं काम. आपल्यापैकी नव्वद टक्के पोरांनी तेच केलं असतं आणि सबमिशनपुरतं ते ठीकही आहे. पण हा कागद सरांना दाखवायचा नव्हता. तो भिंतीवर लागतो तेव्हा बाया पुढे होऊन बोट ठेवून आपलं नाव शोधतात. काहीजणी सही करायला चाळिशीत शिकल्या. त्यांच्या हिशोबाच्या कागदावर त्यांचं नाव त्यांनाच वाचता येऊ नये, यापेक्षा तो वहीतला जुना हिशोब परवडला. मी नाही म्हणालो. रिसोड पांघरूण घेऊन झोपला, पण झोपता झोपता एक काम करून गेला. म्हणाला, “चोवीस म्हणते तू. सतरा गेले, बाकीचे सात कोण आहे?”

सातांपैकी दोघींची बाकी खरीच होती, ते याडीने फोनवरच सांगितलं होतं. उरलेल्या पाच ओळी म्हणजे पाच गटांच्या मुदत ठेवी. गावातल्या तीन गटांच्याही!

इथे माझी ट्यूब पेटली. ठेवीला आडनाव नसतं. ठेव गावची की तांड्याची हे बँकेलाही माहीत नसतं. राठोड आणि ठेव यांच्यात समान काय, तर एक अक्षर. ठ.

आता ‘ठ’ने कुणाचं काय घोडं मारलं होतं? पाहावं म्हणून तीच फाइल परत व्हिममध्ये उघडली, तर पोटात गोळा आला. एक मराठी अक्षर नाही. सगळ्या पानावर परदेशी लिपीतली चित्रविचित्र अक्षरं, डोक्यावर रेघा असलेली. क्षणभर वाटलं, सगळा डेटा गेला. पण ही व्हिमची रीत आहे. तो फाइल उघडताना आधी ती यूटीएफ-८ समजून वाचून पाहतो, आणि एखादा बाइट जरी नियमात बसला नाही तरी अख्खी फाइल जुन्या युरोपीय पद्धतीची, लॅटिन-१, समजून दाखवतो. म्हणजे फाइल मेली नव्हती. तिच्यात कुठे तरी मोजके बाइट बिघडले होते. कोणी बिघडवले हाच प्रश्न.

मी तीन ओळींची चाचणी फाइल हाताने टाइप केली. एक राठोड, एक चव्हाण, एक मुदत ठेव. नेहमीसारखी सेव्ह केली, ऑक चालवला. चव्हाण जमा, बाकी दोन बाकी. मग व्हिम सगळे प्लगइन बंद करून सुरू केला, तसा पर्याय त्याच्यात असतो, आणि त्याच तीन ओळी दुसऱ्या नावाने सेव्ह केल्या. तिन्ही जमा. म्हणजे ऑक निर्दोष, यादी निर्दोष, आणि व्हिम स्वतःही निर्दोष. चोर सोळा पाहुण्यांपैकी एक.

नवीन कोण आलं ते पाहावं, तर मी सेमिस्टर सुरू होताना सगळेच अपडेट केले होते, तेव्हा त्या वाटेने जाऊन उपयोग नव्हता. मग आपल्या डेटा स्ट्रक्चरच्या पुस्तकातली बायनरी सर्च कामी आली. आठ प्लगइन काढले, आठ ठेवले. बिघाड राहिला, म्हणजे चोर ठेवलेल्यांत. त्यातले चार काढले. मग दोन. मग एक. सोळांसाठी चार फेऱ्या, पाचवी लागत नाही. एकेक करून काढत बसलो असतो तर कदाचित पंधरा फेऱ्या लागल्या असत्या. ओरलला ही गोष्ट मी तोंडपाठ म्हणून दाखवली होती, पण रात्री साडेबाराला ती प्रत्यक्ष चालताना पाहण्याची मजा और. चौथ्या फेरीला जो सापडला तो म्हणजे आपला सफाईवाला. ज्याला औषध म्हणून आणलं होतं तोच.

तरी तो नेमकं करतो काय? चांगली फाइल आणि बिघडलेली फाइल दोन्ही आकाराने सारख्या होत्या, एका बाइटचाही फरक नाही. लिनक्सवर सीएमपी नावाचं एक साधं हत्यार आहे, दोन फाइली बाइटला बाइट लावून पाहतं. त्याने दोनच ओळी दिल्या. दोन्हीत तेच: आधी २४० होता, आता ४०. हे आकडे ऑक्टलमधले. आपल्या दशमानात आधी १६०, आता ३२. आणि ३२ म्हणजे साधी स्पेस, हे फर्स्ट इयरच्या पोरालाही माहीत असतं.

आता थोडं थिअरी. (कंटाळा येईल त्यांनी परिच्छेद सोडावा, पण खरी गंमत इथेच आहे.) १९९२ मध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी यूटीएफ-८ची रचना न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत ताटाखालच्या कागदावर मांडली. त्या पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो, आपल्या देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला आणि मात्रेला तीन लागतात. ट म्हणजे २२४, १६४, १५९. ड म्हणजे २२४, १६४, १६१. आणि दोघांच्या मधला ठ म्हणजे २२४, १६४, १६०. आता जुन्या लॅटिन-१ पद्धतीत एकट्या १६० या आकड्याचा अर्थ काय? नॉन-ब्रेकिंग स्पेस! यूटीएफ-८मध्ये तीच स्पेस १९४, १६० अशी जोडीने येते. प्लगइनच्या लेखकाने दोन ओळी लिहिल्या होत्या. पहिली ती जोडी शोधून बदलते, ती बरोबर. दुसरी, बहुधा जुन्या फाइलींची सोय म्हणून, उरलेला कुठलाही सुटा १६० दिसला की त्याची स्पेस करून टाकते. हे काम तो टीआर या प्रोग्रॅमकडून करून घेत होता, आणि माझ्या लिनक्सवरचं टीआर बाइट पाहतं, अक्षर पाहत नाही. त्याला राठोडमधल्या ठ चा शेवटचा तुकडा म्हणजे रिकामी जागा वाटली. त्याने झाडून टाकली.

देवनागरीच्या कोष्टकात १२८ जागा आहेत. त्यात शेवटचा बाइट १६० असलेल्या फक्त दोन. एक ठ, दुसरा दीर्घ ॠ, जो मराठीत शोधूनही सापडत नाही. म्हणजे मार खाणारा एकटा ठ. राठोड गेला, ठेव गेली, ठराव गेला, आठ आणि साठ गेले, पंढरीचा विठ्ठल गेला, आणि हो, ‘मराठी’ हा शब्दही गेला! तालुका दुसरा असता, राठोड नसते आणि ठेवीचा रकाना नसता, तर हे प्लगइन वर्षभर सुखाने चाललं असतं आणि कोणाला पत्ताही लागला नसता. आमच्या मानोऱ्यात ते एक दिवसही लपणं शक्य नव्हतं.

आणखी एक. युनिकोडने भारतीय लिप्यांची मांडणी आपल्याकडच्या इस्की या १९८८ च्या प्रमाणावरून घेतली, त्यामुळे बंगाली, गुजराती, तेलुगू, कन्नड सगळ्यांचा ठ आपापल्या कोष्टकात त्याच घरात बसलाय. सगळ्यांचा शेवटचा बाइट १६०. फ्रेंच आणि इटालियन लोकांचा तिरक्या रेघेचा ‘ए’ सुद्धा यूटीएफ-८मध्ये १६० वरच संपतो, म्हणजे हाल त्यांचेही होणार. केवळ इंग्रजीत लिहिणाऱ्याला मात्र हा बिघाड जन्मात दिसणार नाही, म्हणूनच तो तिथे राहिला असावा. (जाता जाता: अशोकाच्या काळच्या ब्राह्मी लिपीत ठ म्हणजे नुसतं एक रिकामं वर्तुळ. म्हणजे रिकामं दिसणं या अक्षराच्या नशिबातच आहे की काय कोण जाणे!)

दुरुस्ती सांगायला लाज वाटावी इतकी लहान. दुसरी ओळ काढून टाकली. वर्डमधून येणारी नकली स्पेस पहिल्या ओळीनेच जाते. मग खात्रीसाठी क पासून ज्ञ पर्यंत सगळी अक्षरं, बाराखडी, जोडाक्षरं आणि आकडे एका फाइलमध्ये लिहिले, सेव्ह केले आणि सीएमपी लावला. तो काही बोलला नाही. सीएमपी गप्प बसला म्हणजे सगळं सारखं. ही फाइल मी ठेवून दिली आहे. कोणतंही नवीन प्लगइन आलं की आधी तिच्यावर सोडतो. कुणाला हवी असेल तर रूमवर या, चहाच्या बोलीवर देईन.

पहाटे दोनला रिसोडला उठवलं आणि सांगितलं की एका बाइटचा घोळ होता. तो म्हणाला, “मंग एका बाइटसाठी माणसाले उठवते का बे?” आणि परत झोपला. प्लगइनच्या लेखकाला मी तीन ओळींची चाचणी फाइल आणि सोबत खुलासा पाठवला. त्याने विचारलं, पहिल्या ओळीतल्या शब्दाचा अर्थ काय. मी कळवलं, अर्थ नाही, आडनाव आहे, माझंच. पुढच्या आवृत्तीत ती ओळ नव्हती.

बैठक ठरल्या दिवशी झाली. कागदावर दोनच बाकी होत्या, एक गावातली, एक तांड्यावरची, आणि वाचायच्या आधीच दोघींनी उठून सांगितलं की पुढच्या महिन्यात दोन्ही हप्ते एकदम टाकतो. रात्री याडीचा फोन आला. वाटलं, आता कौतुक होणार. ती म्हणाली, अक्षर फार बारीक आलंय, म्हाताऱ्या बायांना चष्मा लावूनही दिसत नाही, पुढच्या वेळी मोठं काढ.